गोग्रास

तंबूच्या लाकडी डेकलगत खाली एलंड आडवी पडली होती. तिचं पोट डावीकडे टम्म फुगलं होतं आणि डॉक्टरबाई गुडघे टेकून तिथे स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. एलंड म्हणजे आफ्रिकेतलं मोठं हरीण. ही मात्र जन्मली टेक्सासमध्ये, या आलिशान लॉजच्या खासगी जंगलात, आणि वाढली बाटलीच्या दुधावर. माणसाला बुजत नसे. अंगाने अजून कालवडीएवढीच होती.

डॉक्टरबाई उठल्या. डेकवर जमलेल्या पाहुण्यांना त्यांनी विचारलं, "हिला कोणी काही खायला घातलं का?"

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"मला दोष द्यायचा नाहीये. धान्य, गोड असं काही भरपूर खाल्लं असेल, तर पोटात नळी घालून ते काढता येईल. आतडं पिळलं असेल, तर इथे माझ्या हातात काही नाही. मग तिला तडफडत ठेवणार नाही मी."

गाइड रायफल घेऊन जीपपाशी उभा होता. सुलभाताईंना डॉक्टरबाईंचं इंग्रजी निम्मं कळलं. रायफल पूर्ण कळली.

"प्रसाद," त्या मुलाला हळूच म्हणाल्या, "काल मी..."

"आई, एक शब्द बोलू नकोस." प्रसाद समोर बघत, जेमतेम ओठ हलवत म्हणाला. "फीडिंग करणार नाही म्हणून सही केलीय आपण. पुढच्या महिन्यात ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू आहे. उगाच कम्प्लेंट-बिम्प्लेंट झाली तर?"

"हरणाला भात घातला म्हणून ग्रीन कार्ड अडवतात?" त्याची बायको प्रीता कुजबुजली.

"यार प्रीता, तू तरी नको ना!"

काल राजारामांची तिथी होती. प्रसादला वडील गेल्याची तारीख पाठ. ती पुढच्या आठवड्यात, म्हणून त्याने ही सहल आधी ठरवली. तिथी नेमकी सहलीत आली आणि लॉज कॅन्सल होईना. ओहायोतल्या डब्लिनहून निघताना सुलभाताईंनी राइस कुकर, तांदूळ आणि डाळ बॅगेत घातली. तंबूत एसी होता, पितळी नळांचा टब होता आणि कॉफी करण्यापुरता एक ओटा होता. त्या ओट्यावर त्यांनी भात, वरण आणि खीर केली, नवऱ्याच्या नावाने पान वाढलं. आता गोग्रास राहिला होता.

ओहायोत त्यांनी हायवेवरून गाई पाहिल्या होत्या, सपाट पाठीच्या. काल डेकपाशी येऊन उभ्या राहिलेल्या हिला खांद्यावर वशिंड होतं, गळ्याखाली लोंबती कातडी होती. त्यांनी हात जोडले आणि कठड्यावरून घास पुढे केला. तिने तो अलगद घेतला.

डॉक्टरबाईंची नजर फिरत फिरत त्यांच्यावर येऊन थांबली. "आणि आजी?"

"माय मदर डझन्ट स्पीक इंग्लिश," प्रसाद घाईने म्हणाला आणि आईकडे वळला. "आई, त्या विचारतायत, रात्री थंडी वाजली का. नाही म्हणून मान हलव."

सुलभाताईंनी मान हलवली नाही. उजव्या हाताची पाची बोटं जुळवून त्यांनी घास केला, तो तोंडाजवळ नेला आणि मग तोच हात खाली एलंडकडे केला.

"राइस," त्या म्हणाल्या.

प्रसादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तो लगेच सावरला. रोज क्लायंटला समजावायची सवय होती त्याला. "आमच्यात एक रिच्युअल असतं," तो डॉक्टरबाईंना इंग्रजीत सांगू लागला. "वडिलांसाठी. वन बाइट. टायनी." अंगठा आणि बोट जवळ आणून त्याने तो घास आणखी लहान केला.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. खाली वाकून त्यांनी एलंडच्या कपाळावर हात ठेवला, मग गाइडशी हलक्या आवाजात काही बोलल्या. गाइडने पाहुण्यांना आपापल्या तंबूत जायची विनंती केली.

"काय म्हणाल्या त्या?" सुलभाताईंनी विचारलं.

"एका घासाने पोट असं फुगत नाही म्हणाल्या. म्हणजे आतडंच पिळलंय." प्रीताने त्यांचा दंड धरला. "चला आई, आत चला. बघू नका."

सुलभाताईंनी दंड सोडवून घेतला.

"प्रसाद, त्यांना सांग, घास नव्हता. सगळं होतं."

"सगळं म्हणजे?"

"कुकरभर भात. वरण. खिरीचं पातेलं तिने चाटून साफ केलं."

"अगं, पण का?" तो ओरडलाच.

"तुम्ही दोघं ब्रंचवरून आलात. तू म्हणालास, आई, आता पोटात जागा नाही, फ्रीजमध्ये टाक. आणि गेलात जीपमधून जिराफ बघायला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाबांच्या दिवशी कोणीतरी पोटभर जेवायला हवं होतं. ती जेवली."

प्रीताने मान खाली घातली.

प्रसाद कठड्याला धरून वाकला. भाताचं त्याने इंग्रजी केलं, वरणाचं केलं, खिरीत साखर किती ते आईला विचारून सांगितलं, पातेल्याचा आकार दोन्ही हातांनी दाखवला. डॉक्टरबाईंनी गाइडला हाक मारून थांबवलं आणि जीपमधून मोठी पेटी आणायला सांगितलं. मग वेटोळं घातलेली नळी सोडवता सोडवता त्यांनी वर बघितलं.

"आजी एवढं लांब बोलल्या. आणखी काय म्हणाल्या?"

"नथिंग," प्रसाद म्हणाला. "दॅट्स ऑल."