भागाबाईंचा खोकला

शिरपूरजवळच्या आमच्या गावात ग्रामसेविका सुशीलाबाईंनी पहिली निर्धूर चूल मुद्दाम भागाबाईंच्या घरी बसवली. चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, धुराने त्यांच्याइतकं गावात कुणीच खोकत नव्हतं. त्यांचा खोकला थांबला, की बाकीच्या बायकांना वेगळं समजवायला नको, असं सुशीलाबाईंना वाटलं.

धूर आता धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, भोक पाडून बसवलेल्या धुराड्यातून थेट वर जाऊ लागला. सुनांचे लाल डोळे निवळले, नातवाची धाप कमी झाली. भागाबाई मात्र शेतातून आल्या की पूर्वीसारख्याच खोकत खोकत घरात शिरत.

"तिना खोकला तसाच शे, मंग आम्हना धाबाले भोक कसाले?" असं म्हणून शेजारच्या झुंबरबाईने चूल नाकारली, आणि तिचं पाहून सगळ्या गल्लीने. आणलेली धुराडी तालुक्याला परत पाठवायची वेळ आली, तेव्हा सुशीलाबाई रडवेल्या होऊन डॉक्टरांनाच घरी घेऊन आल्या. डॉक्टरांनी भागाबाईंची छाती पुढून तपासली, पाठीमागून तपासली आणि ते चक्रावले.

"आजी, छाती तर एकदम मोकळी आहे. मग खोकता कशाला?"

भागाबाईंनी अंगणात धुणं वाळत घालणाऱ्या दोन्ही सुनांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.



"खोकला तं कव्हयच गया, भाऊ. पन न खोकता घरमा शिरनू, तं सुना मन्हाबद्दल काय काय बोलतस, ते बठ्ठं आयकनं पडस!"