लेकानं घेऊन दिलेला गाळा

"गाळा मुलानं घेऊन दिला, असं तुम्हीच गावभर सांगत होता ना?" सरकारी वकिलानं विचारलं.

शिवणवाल्या बाईंनी मान हलवली. नाकारून करणार काय? शेजाऱ्यांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांच्या जबान्यांत तेच होतं.

खरं वेगळंच होतं. अठरा वर्षं शाळेचे गणवेश शिवून, पोटाला चिमटा काढून त्यांनीच तो गाळा घेतला होता. पैसे रोख मोजले, पावती मागायचं सुचलंच नाही. मुलगा तेव्हा नोकरी सुटून घरी बसलेला. लोक त्याला नावं ठेवत. म्हणून बाईंनी दिलं ठोकून, लेकानं घेतला. ऐकणारे चाट पडले. बाईंना ते इतकं गोड लागलं की पुढची पाच वर्षं त्या तेच घोकत राहिल्या.

आता लेक फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला होता. न्यायाधीशांनी कायदा सोपा करून सांगितला होता. गुन्हेगाराच्या नावावर आहे तेवढीच त्याची मालमत्ता नव्हे. गेल्या सहा वर्षांत त्यानं कुणाला जे फुकट दिलं, तेही त्याचंच धरायचं आणि जप्त करायचं. गाळा गेला की बाईंच्या हातचं कामही गेलं. आज त्यांनी शपथेवर खरं सांगून टाकलं, तर एकाचाही विश्वास बसेना.

मग लेकाला पुढे बोलावलं. दोन पोलिसांच्या मधे तो खाली मान घालून उभा राहिला. समोर त्याची बायको होती, सासरे होते, गल्लीतले चार लोक होते.

"गाळा आईचाच आहे," तो म्हणाला. "मी तिला आजवर साधी साडीसुद्धा घेतलेली नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. लेकाचे कान लालबुंद झाले, पण तो जागचा हलला नाही.

त्याच्या बँकखात्यातूनही तेवढी रक्कम कधी निघालेली नव्हती. न्यायाधीशांनी कागद पुन्हा चाळले, मान डोलावली आणि लिहायला पेन उचललं. खरं तर बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्यांना लेकाकडे बघवेना. सासरे अजून तोंड फिरवूनच बसले होते.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"थांबा, साहेब. मला वाचवायला खोटं बोलतोय तो. गाळा त्यानंच दिलाय."