न पेटलेली समई

ज्वलनशील रसायनांच्या टाक्यांमागे, कारखान्याच्या कुंपणातच, ग्रामदैवताचे देऊळ राहिले होते. अग्निसुरक्षेचे परीक्षक घैसास तेथे आले, तेव्हा वृद्ध भागीरथी गुरवीण न पेटवलेल्या समईपुढे हात जोडून बसली होती. टाक्या आल्यापासून तेथे ज्योत वर्ज्य होती.

"साहेब, एकदाच लावू द्या. ज्योतीच्या उजेडात त्याचं मुख पाहायचंय."

"नाही, आजी. या रसायनाची वाफ दिसत नाही, ती जमिनीलगत सरपटत ठिणगीपर्यंत येते," घैसास आदराने म्हणाले. "देवच गावात नेला तर?"

ती हसली. "अहो, तो स्वयंभू आहे. त्याला कुणी बसवलेलं नाही, तर त्याची बदली कोण करणार? टाक्या मात्र माणसांनीच बसवल्यात."

जन्मभर घैसासांनी रसायनांपासून ज्योत दूर करविली होती. आज ते सोबतच्या व्यवस्थापकाकडे वळले. "टाक्या हलवा. माझी शिफारस तीच राहील."

"हलवू, पण वर्ष जाईल," व्यवस्थापक म्हणाला.

गुरविणीने कोरड्या वातीवरून बोट फिरवले. "देवाला घाई नाही हो. माझे डोळे तेवढे तोवर टिकायला हवेत."