समोरच्या दुकानातल्या पाहुण्या

चौथ्या दिवशीही त्या दोघी समोरच्या तिवाच्याच दुकानात जाऊन बसल्या. बिरागोनं परातीतली चवळी उगाचच दोनदा पाखडली. मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते.

एक गोरी, डेन्मार्कची, सिग्ना नावाची. दुसरी इथलीच, घानातल्या कुमासीच्या कॉलेजातली आफ्राकोमा. दोन देशांच्या कॉलेजांनी मिळून दुकानदारीचा अभ्यासक्रम काढला होता आणि त्यातले तीन आठवडे मुलींनी बाजारात बसून शिकायचं होतं. तिवाच्या दाराशी दोन स्टुलं टाकून त्या बसत, वहीत रेघा मारत. सिग्ना मधूनच गल्लीचे फोटो काढी. बाजारात बोभाटा झाला होता, की ज्या दुकानाचा अभ्यास होईल त्याची मालकीण डेन्मार्कला शिकवायला जाणार. शेजारच्या केळीवालीनं तर तिवाला थंडीचा कोट कोणाकडून शिवून घ्यायचा तेही सांगून टाकलं.

बिरागोचा तिळपापड झाला. या गल्लीत चवळी आणि गारी, म्हणजे कसाव्याचा भाजका रवा, विकायला ती बसली तेव्हा तिवाचं लग्नही झालं नव्हतं. आज तिवाकडे भिंतभर फळ्या होत्या. त्यांवर बंद पिशव्या, प्रत्येकीवर छापील किंमत. घासाघीस नाही, बोलणं नाही. बिरागोकडे चार पराती, एक मापाचा डबा आणि बसायला बुटका पाट. दहा वर्षं तिला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. या चार दिवसांत मात्र पराती पोचे आलेल्या दिसायला लागल्या.

शनिवारी तिवानं गल्लीपलीकडून हात हलवला. बिरागोनं तोंड फिरवलं. दुपारी केळीवालीजवळ ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, की पिशव्या दिसायला छान, आतली चवळी कधीची आहे देव जाणे. म्हटल्यावर जरा बरं वाटलं. मग गोरी मुलगी तिवाच्या ताटलीतला भात बोटांनी खाताना दिसली आणि ते बरं वाटणंही गेलं.

रविवारी प्रार्थनेत तिचं चित्त नव्हतं. बाहेर पडली ती थेट पिशव्यांच्या ठोक दुकानदाराकडे गेली.

सोमवारी गल्लीनं पाहिलं, बिरागोचं दुकान ओळखू येईना. पराती आत गेल्या होत्या. फळीवर पिशव्यांची रांग, पुढे किमतीच्या पाट्या. बिरागो पाट सोडून उभी राहिली होती, नवा झगा घालून, ताठ. सकाळी नेहमीची म्हातारी आली. हिच्या सुनेच्या बाळंतपणापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बिरागोला पाठ. एरवी तिच्यासाठी डबा शिगोशीग भरायचा, वर एक ओंजळ टाकायची आणि तोवर तिचं सगळं ऐकून घ्यायचं. आज बिरागोनं पिशवी पुढे केली. म्हातारीनं वरची ओंजळ मागितली. बिरागोनं पाटीकडे बोट दाखवलं. दोन्ही मुली समोरून बघत होत्या, हे तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं आणि ती आणखी ताठ झाली.

"आज कोणावर रागावलीस ग?" म्हातारीनं विचारलं. मग ती निघून गेली.

त्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी झालं. बिरागोनं दोष तिवाला दिला. गोरं माणूस दाराशी बसवलं की लोक तिकडेच धावणार. तिनं आणखी पाट्या आणल्या, मोठ्या अक्षरांच्या.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी त्या दोघी उठल्या, गल्ली ओलांडून सरळ बिरागोसमोर येऊन उभ्या राहिल्या. मागे तिवा.

"आंटी," आफ्राकोमा म्हणाली, "आधी माफी मागते. तीन आठवडे तुम्हाला न सांगता तुमच्याकडे बघत बसलो. बाजाराचा कारभार बघणाऱ्या राणीआईंची परवानगी होती, पण आमच्या सरांची ताकीद होती. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस बदलतं, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत बोलायचं नाही."

"माझ्याकडे?" बिरागो म्हणाली.

मग आफ्राकोमानं सगळं सांगितलं. तिवाच्या दारातून बिरागोचं दुकान सर्वांत नीट दिसायचं, म्हणून तिथे स्टुलं. पहिल्या आठवड्यात तिवाकडे थांबलेल्या दर दहा गिऱ्हाइकांतली सात गल्ली ओलांडून बिरागोकडे जात होती. सर खूश झाले. पुढच्या महिन्यात दोन्ही देशांच्या मुलांसमोर बिरागोनं येऊन बोलावं, असं ठरलंही. आणि त्या सोमवारपासून गल्ली ओलांडणं थांबलं. आता वहीतल्या अर्ध्या पानांचा अर्थ लागत नव्हता.

बिरागोनं तिवाकडे पाहिलं. तिवा हसत नव्हती.

"गिऱ्हाईक धरून ठेवणारी कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच तुझ्याकडे बोट दाखवलं," तिवा म्हणाली. "दहा वर्षं माझी माणसं उठून तुझ्याकडे जातात. किती जळफळाट झालाय माझा. म्हटलं, निदान का जातात ते तरी कळू दे."

सिग्नानं वही उघडली, पेन टेकवलं आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय," आफ्राकोमा म्हणाली, "त्या सोमवारी नेमकं काय झालं?"

बिरागोनं तिवाकडे हात केला.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात," ती म्हणाली, "आणि मी हिच्याकडे."