भोंग्याला फेटा

"शाहीर, एक नंबर कोनाचा ते तुमीच सांगा," कमिटीचे अध्यक्ष बुधाजी म्हणाले, आणि नजर मात्र त्यांनी विहाराच्या खिडकीकडे वळवली.

वळवणारच. जयंतीच्या सभेत पाहुण्यांच्या भाषणाआधीचा तास दरसाल डोमाजीच्या जलशाचा असे. यंदा, एकोणीसशे एकसष्ट सालच्या जयंतीला, डोमाजीचा गळा आताशा फाटतो म्हणून कमिटीनं तो तास रेकॉर्डींना देऊन टाकला होता. नागपुरात एम.ए. करणाऱ्या धर्मपालनं अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तीन रेकॉर्डी अमरावतीला आणल्या होत्या. त्यांतला सर्वांत थोर कोण ते आज ठरवायचं आणि सभेत त्यालाच वाजवायचं. ठरवणारा पंच कोण, तर खुद्द डोमाजी. साप मरावा आणि काठी मोडू नये, अशी बुधाजींची युक्ती.

डोमाजी सतरंजीवर ताठ बसला होता. डोक्याला खळ घातलेला निळा फेटा, मांडीवर डफ. पंचाला डफ कशाला लागतो, हे त्याला कोणी विचारलं नाही.

धर्मपाल उठून उभा राहिला. "या लोकाईले तिकडे कित्येक गावात गोऱ्याच्या हॉटेलात बसू देत नाहीत. बसमध्ये मागं बसा लागते. पान्याचा नळसुद्धा येगळा."

"नळबी?" बायकांमध्ये नातीला घेऊन बसलेल्या पार्बताबाईनं विचारलं.

"हो."

"मंग आपलेच हायेत. लाव बाप्पा."

भोंगेवाल्या श्रावणनं सुई टेकवली. पहिली रेकॉर्ड एका बाईची होती. तिचा आवाज असा चढत गेला की पार्बताबाई मांडीवरच्या नातीला थोपटायचं विसरली. दुसरा गडी खर्जातला. त्यानं सूर लावला आणि भोंग्याचा पत्रा थरथरला.

तिसरी लागली आणि सगळे हसायलाच लागले.

"याचा तं गळाच फाटला," श्रावण म्हणाला. "रेकॉर्ड खराब हाय का गा?"

"नाही. तो असाच गाते," धर्मपाल म्हणाला.

डोमाजी हसला नाही. तो पुढे वाकला. त्या फाटक्या आवाजामागे चारपाच जण झील धरत होते. गडी एक ओळ टाकायचा, मागचे ती उचलायचे. डोमाजीची बोटं डफावर हलू लागली. एवढ्यात गाणं संपलं आणि सुई खरखरायला लागली.

"पुढचं कडवं?" त्यानं विचारलं.

"संपलं. एवढंच असते," धर्मपाल म्हणाला.

"मंग जवाब द्या लागन."

"कोनाले?"

"त्याले. कडवं टाकून चूप बसला तो. समोरच्यानं जवाब न देता उठनं म्हंजे त्याचा अपमान. फडाचा कायदा हाय."

"शाहीर, तुमी पंच हाय," बुधाजी म्हणाले.

"पंच मंग. आधी शाहीर."

डफावर थाप पडली, त्याच रेकॉर्डीच्या ठेक्यात.

"तुहा नळ येगळा, माही येगळी इहीर,
तहान तं एकच, आयक गा शाहीर..."

वरच्या सुरावर आवाज फाटला. दरसालच फाटायचा आणि लोक एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. आज कोणी हललं नाही. तसाच आवाज आत्ताच भोंग्यातून ऐकला होता, आणि तो तर साता समुद्रापलीकडून आला होता. बायकांमधून डोमाजीच्या बायकोनं, जाईबाईनं, झील धरली. मग पार्बताबाईनं. मग सगळ्या विहारानं. श्रावणनं न सांगता सुई पुन्हा सुरुवातीला नेली. गडी एकदा गायचा, डोमाजी एकदा जवाब द्यायचा. फार दिवसांनी सगळ्यांना मजा आली. बुधाजी मांडीवर ताल धरून बसले होते, ते लक्षात येताच त्यांनी हात खिशात घातला.

"शाहीर, निकाल?" शेवटी धर्मपालनं विचारलं.

डोमाजीनं घाम पुसला. "बाई लय मोठी हाय. खर्जवालाबी कमी नाही. पन एक नंबर याचा. फाटक्या गळ्याचा."

"तुमच्यासारखा गळा हाय म्हनून," जाईबाई मागून म्हणाली.

"हो. म्हनूनच. गळा फाटल्यावर कसं गा लागते, हे मले आजपावतो कोनी दाखवलंच नव्हतं."

हे बोलताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"ठरलं मंग," बुधाजींनी सुटकेचा श्वास सोडला. "जयंतीले हाच वाजवू."

"वाजवा. मी हारलो."

डोमाजी उठला. त्यानं डोक्यावरचा फेटा सोडला आणि भोंग्याभोवती गुंडाळायला घेतला. हरलेल्या शाहिरानं जिंकणाऱ्याला आपला फेटा बांधायचा आणि त्याच्या नावानं एक कडवं गायचं, हा फडाचा रिवाज बुधाजींनाही चांगला ठाऊक होता. फेटा दोनदा घसरला.

"डोकं मोठं हाय याचं," डोमाजी म्हणाला. "असू द्या. आज निस्तं माप घेऊन राहिलो. बांधाचा तं जयंतीलेच, मंचावर, साऱ्याईसमोर."

बुधाजींनी खिडकीकडे नजर वळवली. खिडकीत अर्धा मोहल्ला गोळा झाला होता आणि सगळे त्यांच्याचकडे पाहत होते.

"पन कडवं एकच म्हना, शाहीर," ते म्हणाले.

"एकच," डोमाजी म्हणाला, आणि भोंग्यावरचा फेटा जरा सरळ केला.