बॉनेटखालची मांजर

"कोणाचा विश्वास बसणार नाही, पण बॉनेटखाली मांजर व्यालीय!" आप्पा गाडीपुढे आडवे उभे राहिले. "पाच पिल्लं! एकाला तर दोन शेपट्या! आज गाडी हलवायची नाही."

लेकीने तान्ह्याला मागच्या सीटवर बांधून बसवलं होतं. घाट उतरून अंधाराआधी सासरी पोचायचं होतं. अडीच लाख किलोमीटर पळालेली ही गाडी आप्पांनी नुकतीच घेतली होती आणि ऑइल, बेल्ट, ब्रेक सगळं नवं टाकल्याचं जावयाला छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात मेकॅनिक "आधी ब्रेक बघा" म्हणून कानीकपाळी ओरडत असताना त्यांनी सीटकव्हरं घातली आणि पॉलिश मारून घेतलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! आता खरं सांगावं तर जावयापुढे नाक कापलं जाणार, आणि न सांगावं तर...

"बघू तरी तुमचं दोन शेपट्यांचं पिल्लू!" लेक दार उघडून उतरू लागली.

"नको, नको! बाळंतीण आहे, डोळे ओरबाडेल."

"मग हॉर्नने पळेल." तिने लांबलचक हॉर्न दिला. आत काही हललं नाही. तिने किल्लीला हात घातला, तसे आप्पांनी दोन्ही तळवे बॉनेटवर दाबून धरले.

"बरं बाई, जा! पण घाटाने नको, लांबच्या सपाट रस्त्याने जा!"

लेकीने किल्ली काढून घेतली.



"आप्पा, मांजरीला उताराची भीती कधीपासून वाटायला लागली? ब्रेकचं काम केलंच नाहीत ना?"