तीनचा फोन

२००७ साल होतं. त्या वर्षी कुरुंद्यात दुपारी एक ते पाच लाईट नसायची. अंगणवाडीतून घरी आली की करुणा मागच्या मातीच्या भिंतीला टेकून पदरानं वारा घेत बसायची. भिंत गार होती. पलीकडे सोनाजीकाकांचं घर.

"व्हय साहेब, लाल पट्टी दिसून राहिली," पलीकडून काकांचा आवाज आला.

करुणाचा पदर हातातच थांबला.

काकांनी बत्तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं होतं. मुलगा रत्नपाल पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा जाताना आपला जुना कम्प्युटर बापाकडे ठेवून गेला. त्यात त्यानं आईची, चतुराबाईंची, भीमगीतं भरून ठेवली होती. वर्षभरात चतुराबाई गेल्या. मग रोज संध्याकाळी लाईट आली की त्यांचा आवाज भिंतीतून यायचा. जरा फाटका, पण सुरातला. करुणा त्याच सुरावर भाकरी थापायची.

पोळ्यापासून तो आवाज बंद झाला. करुणानं विचारलं तर काका म्हणाले, "ऐकवत न्हाई आता."

पोळ्याच्या दोनच दिवस आधी कम्प्युटरवर एक लाल चौकट उघडली होती. आत सदतीस व्हायरस आहेत, असं लिहिलेलं. खाली नाव, गाव, फोन नंबर भरायला रकाने. टपालखात्यातल्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही. काकांनी पिनकोडासकट सगळं भरलं आणि करुणाला कौतुकानं सांगितलंही होतं.

दसऱ्यानंतर फोन सुरू झाले. रोज दुपारी तीनला. हिंदी बोलणारा एक तरुण पोरगा, स्वतःला कंपनीचा इंजिनिअर म्हणवणारा.

"अस्सं? फाईली खाऊन राहिला म्हणता?" काका म्हणत होते. "जपून साहेब, बायकोची गाणी हायेत त्यात. थांबा, चष्मा लावतो." मग जरा वेळानं, "खाना हुआ क्या, बेटा? काहून? इतकी दुपार झाली, अजून उपाशी?"

करुणाला राग आला. चोराला जेवण विचारतंय म्हातारं!

दुसऱ्या दिवशी ती एसटी स्टँडजवळ शकीलच्या दुकानात गेली. गावात कम्प्युटर दुरुस्त करणारा तो एकटाच. काकांचं हसं व्हायला नको, म्हणून तिनं नाव सांगितलं नाही.

"एका वळखीच्या माणसाचं हाय," ती म्हणाली.

शकील हसला. "ताई, सबकूच नकली हाय ते. न विचारता घाबरवणारी चौकट खोटी. कंपनी आपणहून कधीच फोन करत न्हाई. त्या चौकटीतलं काहीच दाबायचं न्हाई, वायर ओढायची सरळ. आन् तो म्हणेल मला कम्प्युटरच्या आत येऊ द्या, कार्डाचा नंबर द्या. दिला की खेळ खलास. इथून दिसतंय म्हणणारा तर पक्का लबाड समजायचा."

करुणानं हे सगळं काकांना दोनदा समजावलं. ते मन लावून ऐकत होते, शाळेतल्या पोरासारखे.

"कळलं का काका?"

"कळलं की. लबाड हाय तो."

"मंग उचलू नका फोन."

काकांनी मान हलवली. पण तीन वाजता घंटी वाजली आणि भिंतीपलीकडून आकडे ऐकू आले. "चार... सात... थांबा साहेब, पुसट झालंय. फिरून सांगतो. चार..."

करुणा अनवाणीच धावली. काकांच्या हातून रिसीव्हर हिसकावला. "लाज न्हाई वाटत? म्हाताऱ्या माणसाला लुटून राहिला? पोलिसात देईन!" तिनं फोन आदळला.

काका खुर्चीत बसून होते. कम्प्युटरवर चतुराबाईंच्या हातचं भरतकामाचं कापड तसंच झाकलेलं होतं.

"नंबर दिला का काका?"

"न्हाई पोरी. मी कधीच पुरा सांगत न्हाई."

तिला ते पटलं नाही. चार दिवसांत तिनं टेलिफोन ऑफिसात खेटे घालून नंबरच बदलून आणला. नवा नंबर चिठ्ठीवर लिहून काकांच्या हातात दिला. काकांनी तो कितीतरी वेळ वाचला.

"हा कोणालाच ठाव न्हाई व्हय?"

"कोणालाच न्हाई. आता बिनघोर झोपा."

"लई केलंस पोरी," काका म्हणाले.

त्यानंतर तीन वाजता भिंतीपलीकडे सामसूम असायची. करुणाला समाधान वाटायचं. चतुराबाईंची गाणी वाचली होती.

सोनाजीकाका त्याच थंडीत गेले. फार आजार झाला नाही, जेवण तेवढं सुटलं होतं. नवा नंबर रत्नपालला कळवायचा राहून गेला होता. तशी त्यानं दिवाळीपासून चौकशीही केली नव्हती. तो आला, घर विकलं आणि पुण्याचाच झाला. शकील आता मोबाइल विकतो. करुणा सेवानिवृत्त झाली, लेकीकडे हिंगोलीला असते आणि अनोळखी फोन आला की अजूनही बरोबर पहिल्या घंटीलाच बंद करते.

कम्प्युटर रत्नपालनं नेला नाही. काकांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, करुणानं शकीलला बोलावलं. "चतुराकाकूंची गाणी तेवढी काढून दे बाबा. मोठ्या मुश्किलीनं वाचवलीत."

शकीलनं बॅटरीच्या उजेडात कम्प्युटरचा पत्रा उघडला. आत सगळं काळंठिक्कर पडलेलं होतं आणि कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. तो करुणाकडे बघतच राहिला.

"ताई, यात काय ऱ्हाणार? हा तर पोळ्याच्या सांजेलाच जळाला. लाईट एकदम जोरात आली न् गेला. चाचा दुकानात घेऊन आले होते, मीच उघडून दाखवला त्यांना."